पत्त्यात न दिसणारा आकडा: पोर्ट क्रमांक आणि इंटरनेटचे नेहमीचे प्रोटोकॉल

ब्राउझरच्या पट्टीत एखाद्या बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिला, की ब्राउझर त्या पत्त्याला लागून आपण न लिहिलेला एक आकडा मनाशी धरून चालतो. तो आकडा म्हणजे ४४३. पत्त्यातील नावाला लागून अपूर्णविराम देऊन हा आकडा स्वतः लिहून पाहिला तरी तेच पान उघडते, आणि ब्राउझर तो अनावश्यक समजून पट्टीतून काढूनही टाकतो. त्याऐवजी ४४४ लिहिले, तर बहुतेक संकेतस्थळांच्या बाबतीत चक्र काही वेळ फिरत राहते आणि संपर्क होऊ शकला नाही असा संदेश येतो. सर्व्हर तोच, त्याचा पत्ता तोच, आपली इंटरनेट जोडणीही तीच. फरक केवळ एकाने वाढलेल्या आकड्याचा.

या आकड्याला पोर्ट क्रमांक म्हणतात. नेटवर्किंगच्या अभ्यासक्रमात तो पाठ करायच्या तक्त्याच्या रूपाने भेटतो आणि नोकरीच्या मुलाखतीत त्याच तक्त्यावर प्रश्न विचारले जातात: फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचा कोणता, दूरच्या संगणकावर काम करू देणाऱ्या एसएसएचचा कोणता, नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा कोणता. तक्ता उपयोगाचा असला, तरी तो तोंडपाठ असलेल्या माणसालाही ४४३ वर चाललेली वाहतूक ही संकेतस्थळाचीच असते असे वाटू शकते, आणि ते खरे नाही. पोर्ट क्रमांक हा दोन्ही बाजूंनी आधी ठरवून ठेवलेला संकेत आहे. त्याला कोणतेही यंत्र स्वतःहून अर्थ देत नाही, आणि त्या क्रमांकावर ठरलेलाच प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसांत बोलण्याच्या नियमांचा संच, बोलला जाईल याची हमी कोणीही देत नाही. पुढचे सर्व विवेचन या एका गोष्टीभोवती आहे.

दोन आकडे, सोळा बिट

इंटरनेटवरून जाणारी माहिती लहान लहान पॅकेटांत विभागलेली असते. प्रत्येक पॅकेटच्या आरंभी, म्हणजे हेडरमध्ये, पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्रांचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर त्यांची ओळख सांगणारे आकडे, असतात, आणि वाटेतील राउटर मुख्यतः तेच वाचून पॅकेट पुढे धाडतात. परंतु पॅकेट योग्य यंत्रापर्यंत पोहोचले म्हणून काम संपत नाही. एकाच संगणकावर ब्राउझर, ईमेलचा प्रोग्राम, व्हिडिओ कॉल आणि पडद्यामागे उतरत असलेले अपडेट असे अनेक प्रोग्राम एकाच वेळी नेटवर्क वापरत असतात, आणि आलेले पॅकेट यांपैकी कोणाच्या हवाली करायचे हे ऑपरेटिंग सिस्टीमला ठरवावे लागते. त्यासाठी आयपी हेडरच्या पाठोपाठ येणाऱ्या, टीसीपी किंवा यूडीपी या माहिती पोहोचवणाऱ्या दोन प्रोटोकॉलांपैकी एकाच्या, हेडरमध्ये अगदी सुरुवातीलाच दोन आकडे लिहिलेले असतात: आधी पाठवणाऱ्याचा पोर्ट, नंतर घेणाऱ्याचा. प्रत्येकाला १६ बिट एवढी जागा आहे, म्हणून पोर्ट क्रमांक ० ते ६५,५३५ यांच्या बाहेर जाऊ शकत नाही. त्यातला शून्य राखीव आहे.

टीसीपी आणि यूडीपी यांची क्रमांकांची वही वेगवेगळी असते. टीसीपीचा ५३ आणि यूडीपीचा ५३ यांवर दोन निरनिराळे प्रोग्राम काम करू शकतात, त्यामुळे केवळ ‘५३ उघडा करा’ असे म्हणणे अपुरे ठरते. एखादे यंत्र उत्तर देते का हे पाहणारी पिंग ही आज्ञा ज्या आयसीएमपी या प्रोटोकॉलवर चालते त्याच्या हेडरमध्ये पोर्टला जागाच नाही. मुलाखतीत ‘पिंगचा पोर्ट कोणता’ असा प्रश्न आला, तर त्याचे उत्तर कोणताही नाही, हेच आहे.

पोर्ट समजावून देताना इमारत आणि खोली यांचे उदाहरण हमखास दिले जाते: आयपी पत्ता म्हणजे इमारतीचा पत्ता आणि पोर्ट म्हणजे खोलीचा क्रमांक. उदाहरण सोयीचे आहे, पण दोन ठिकाणी ते दिशाभूल करते. पहिली गोष्ट म्हणजे, खोलीत कोणी राहत नसले तरी खोली असतेच. पोर्ट मात्र, एखाद्या प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टीमकडे तो मागून घेतल्याशिवाय, केवळ एक संभाव्य आकडा असतो. आपल्या यंत्रात ६५ हजार दारे बंद अवस्थेत उभी आहेत आणि चोर त्यांच्या कड्या हलवून पाहत आहे, हे चित्र त्यामुळे मनातून काढून टाकावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एका खोलीत मोजकीच माणसे मावतात, पण सर्व्हर ४४३ या एकाच पोर्टवर एकाच वेळी हजारो लोकांशी स्वतंत्रपणे बोलत असतो. ते कसे शक्य होते, हे नीट पाहण्यासारखे आहे.

समजा, एका लॅपटॉपवरून २०३.०.११३.१० या पत्त्याच्या सर्व्हरशी संपर्क साधायचा आहे. ब्राउझर सर्व्हरचा पोर्ट ४४३ म्हणून सांगतो, पण स्वतःचा पोर्ट कोणता असावा याविषयी त्याचा काही आग्रह नसतो. ऑपरेटिंग सिस्टीम त्याला त्या घडीला मोकळा असलेला एखादा क्रमांक देते, समजा ५१५१४. त्याच लॅपटॉपवर दुसरा ब्राउझर उघडून त्याच सर्व्हरशी संपर्क साधला, तर त्याला दुसरा क्रमांक मिळतो, समजा ५१५२०. सर्व्हरच्या दृष्टीने या दोन जोडण्या पूर्णपणे वेगळ्या असतात, कारण जोडणी ओळखली जाते ती पाच गोष्टींच्या एकत्रित संचावरून: प्रोटोकॉल, पाठवणाऱ्याचा पत्ता, पाठवणाऱ्याचा पोर्ट, घेणाऱ्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पोर्ट. या पाचांतील एक जरी वेगळी असली, तरी जोडणी वेगळी. सर्व्हर पहिला संपर्क ४४३ वर स्वीकारतो आणि मग ग्राहकाला दुसऱ्या मोकळ्या पोर्टवर पाठवून ४४३ रिकामा करतो, असा समज अनेक चांगल्या विद्यार्थ्यांचाही असतो. वेब सर्व्हर असे काही करत नाही. सर्व्हरच्या बाजूने सगळे संभाषण शेवटपर्यंत ४४३ वरूनच चालते आणि वेगळेपण ग्राहकाच्या बाजूच्या आकड्यांतून येते.

ग्राहकाच्या बाजूचे हे तात्पुरते क्रमांक ४९,१५२ पासून ६५,५३५ पर्यंतच्या पट्ट्यातून घ्यावेत, अशी आयाना या क्रमांक सांभाळणाऱ्या व्यवस्थेची शिफारस आहे. लिनक्स मात्र मूळ मांडणीत ३२,७६८ ते ६०,९९९ हा पट्टा वापरते. संकेतच तो, थोडा मोडला तरी कोणाचे काही अडत नाही.

‘नाकारले’ आणि ‘उत्तरच नाही’

एखादा प्रोग्राम ठरावीक पोर्ट मागून घेऊन येणाऱ्या संपर्काची वाट पाहत असेल, तर तो त्या पोर्टवर ‘ऐकतो’ आहे असे म्हणतात. टीसीपीमध्ये संपर्काची सुरुवात तीन पावलांनी होते: ग्राहक ‘सिन’ नावाचे पॅकेट पाठवतो, सर्व्हर ‘सिन-ॲक’ने उत्तर देतो, आणि ग्राहक ‘ॲक’ पाठवून जोडणी पक्की करतो. ही तीन पावले पडल्याशिवाय पानाचा एक बाइटही पाठवला जात नाही.

आता त्या पोर्टवर कोणी ऐकतच नसेल, तर सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम ‘रीसेट’ पाठवून ताबडतोब नकार कळवते. ग्राहकाला ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा संदेश क्षणार्धात मिळतो. वाटेतल्या किंवा सर्व्हरवरच्या फायरवॉलने, म्हणजे नियमांनुसार वाहतूक अडवणाऱ्या व्यवस्थेने, पॅकेट गुपचूप टाकून दिले, तर मात्र कोणतेच उत्तर येत नाही. ग्राहक पुन्हा पुन्हा ‘सिन’ पाठवत राहतो आणि बऱ्याच वेळाने ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणून हार मानतो. हे दोन संदेश सर्वसाधारण वापरकर्त्याला सारखेच त्रासदायक वाटतात, पण दुरुस्तीला बसलेल्या माणसासाठी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याचा बहुधा अर्थ असा, की आपण यंत्रापर्यंत पोहोचलो आहोत, रस्ता मोकळा आहे, फक्त तिथली सेवा बंद पडली आहे किंवा दुसऱ्या पोर्टवर आहे. दुसऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की पॅकेट वाटेत कुठेतरी अडवले जात आहे किंवा ते यंत्रच चालू नाही. डेटाबेस जोडला जात नाही म्हणून फायरवॉलचे नियम तासन्‌तास तपासत बसण्यापूर्वी या दोहोंपैकी कोणता संदेश येतो आहे हे पाहिले, तर पुष्कळ वेळ वाचतो. अर्थात काही फायरवॉल मुद्दाम नकारही पाठवतात, त्यामुळे हा नियम अगदी काटेकोर नाही.

यूडीपीत यातले काहीच नाही. त्याचे हेडर अवघे ८ बाइटचे असते, वरच्या तीन पावलांचे हस्तांदोलन नसते, पोच नसते, क्रम राखण्याची जबाबदारी नसते. ज्यांना एक प्रश्न विचारून एक उत्तर घ्यायचे आहे, किंवा व्हिडिओ कॉलसारख्या कामात उशिरा आलेल्या पॅकेटपेक्षा हरवलेले पॅकेट परवडते, त्यांच्यासाठी तो सोयीचा असतो. याच साधेपणाची दुसरी बाजू २५ जानेवारी २००३ रोजी दिसली. ‘एसक्यूएल स्लॅमर’ हा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम, अवघ्या ३७६ बाइटचा होता आणि यूडीपी १४३४ या पोर्टकडे पाठवलेल्या एकाच पॅकेटात पूर्ण मावत होता. हस्तांदोलनासाठी थांबायचे नसल्यामुळे बाधित सर्व्हर जमेल तितक्या वेगाने पॅकेट उधळत सुटले आणि काही मिनिटांतच तो जगभर पसरला.

क्रमांक कोणी वाटले

मे १९७२ मध्ये जॉन पोस्टेल या तरुण संगणकशास्त्रज्ञाने अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कच्या क्रमांकित दस्तऐवजांपैकी ३४९ व्या दस्तऐवजात एक छोटी सूचना मांडली: सर्वमान्य सेवांसाठी ठरावीक क्रमांक असावेत आणि ते वाटण्यासाठी एका माणसाला अधिकार द्यावा. तो माणूस बहुधा आपणच असावा, असेही त्यांनी कंसात प्रश्नचिन्ह घालून सुचवले होते. तसेच झाले. पुढे जवळजवळ आयुष्यभर, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी निधन होईपर्यंत, पोस्टेल यांनी जॉइस रेनॉल्ड्स यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या मदतीने या क्रमांकांची नोंद राखली. ती यादी अनेक वर्षे दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध होत असे. ऑक्टोबर १९९४ ची आवृत्ती ही त्यातली शेवटची, आणि त्यानंतर नोंदवही ऑनलाइनच राखली जाऊ लागली.

या यादीतील जुने क्रमांक पाहिले, तर २१, २३, २५, ७९ अशी विषम संख्यांची गर्दी दिसते. यामागे कारण आहे. टीसीपीच्या आधी अर्पानेटवर एनसीपी नावाचा प्रोटोकॉल होता आणि त्यातील जोडणी एकाच दिशेने चालत असे. दोघांनी एकमेकांशी बोलायचे, तर दोन जोडण्या आणि एक सम, एक विषम असे दोन क्रमांक लागत. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट टीसीपी/आयपीवर गेले, एकच जोडणी दोन्ही दिशांनी चालू लागली आणि जोडीतल्या दुसऱ्या क्रमांकाची गरज उरली नाही. जुन्या सेवा मात्र आपल्या विषम क्रमांकांवरच राहिल्या.

रिकाम्या पडलेल्या त्या सम क्रमांकांपैकी एकाचे पुढे सोने झाले. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यानंतर तिथले संशोधक तातू इलोनेन यांनी, दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करता यावे म्हणून, एसएसएच हा प्रोग्राम लिहिला. तो टेलनेट हा दूरच्या संगणकावर काम करण्याचा जुना प्रोटोकॉल आणि एफटीपी या दोहोंची जागा घेणारा होता. टेलनेट २३ वर आणि एफटीपी २१ वर. मधला २२ मोकळा दिसल्यावर त्यांनी तो मागणारे एक साधे ईमेल पाठवले, आणि दुसऱ्याच दिवशी जॉइस रेनॉल्ड्स यांचे उत्तर आले की २२ तुम्हाला दिला आहे. आज जगातील बहुतांश सर्व्हरचे प्रशासन ज्या पोर्टवरून चालते, त्याची एवढीच कथा आहे. समितीच्या बैठका, प्रस्ताव, छाननी यांपैकी काहीही घडले नाही.

औपचारिकरीत्या आज तीन पट्टे आहेत: ० ते १०२३ हे व्यवस्थेचे क्रमांक, १०२४ ते ४९,१५१ हे नोंदणी करून घेण्याचे आणि त्यापुढचे मोकळे. युनिक्सच्या परंपरेत १०२४ पेक्षा लहान पोर्टवर ऐकण्यासाठी ‘रूट’चे, म्हणजे सर्वोच्च प्रशासकाचे, अधिकार लागतात. ज्या काळी संगणक संस्थेच्या मालकीचे असत आणि रूट म्हणजे जबाबदार अधिकारी असे, त्या काळी या नियमातून थोडा भरवसा मिळत होता. आता प्रत्येक जण स्वतःच्या लॅपटॉपवर रूट असल्यामुळे त्या भरवशाला अर्थ राहिलेला नाही. नियमाची एक खूण मात्र रोज दिसते: वेब प्रोग्राम लिहिणारे लोक चाचणीसाठी ८० ऐवजी ८०८० किंवा ३००० वापरतात, कारण त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

एक पान उघडेपर्यंत

फोन नव्या वायफायला जोडला, की त्याला आधी स्वतःचा पत्ता हवा असतो. तो डीएचसीपी या प्रोटोकॉलने, यूडीपीच्या ६८ क्रमांकावरून ६७ क्रमांकाकडे, नेटवर्कमधल्या सर्वांना उद्देशून विचारणा करतो. इथे ग्राहकाचा क्रमांकही ठरलेला आहे, तात्पुरता नाही, कारण फोनला अजून पत्ता मिळालेला नसतो आणि उत्तर पुष्कळदा सर्वांना ऐकू जाईल असे पाठवावे लागते; ते कोणी उचलायचे हे ठरलेल्या क्रमांकावरूनच कळते.

पत्ता मिळाल्यावर संकेतस्थळाच्या नावाचे आयपी पत्त्यात रूपांतर व्हावे लागते. हे डीएनएसचे काम, आणि ही व्यवस्था १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी मांडली. प्रश्न यूडीपी ५३ वर जातो. मूळ नियमांत यूडीपीवरील उत्तर ५१२ बाइटपेक्षा मोठे असू नये अशी मर्यादा होती. त्याहून मोठे उत्तर असेल तर ते अर्धवट असल्याची खूण करून पाठवले जाई आणि ग्राहक तोच प्रश्न टीसीपी ५३ वर पुन्हा विचारी. पुढे ही मर्यादा वाढवण्याची सोय झाली, पण टीसीपीची गरज संपलेली नाही. फायरवॉलमध्ये फक्त यूडीपी ५३ मोकळा ठेवला, तर बहुतेक नावे उघडतात आणि मोठे उत्तर असणारी थोडी नावे उघडत नाहीत. असा दोष शोधून काढणे फार जिकिरीचे असते, कारण तक्रार करणाऱ्याशिवाय बाकी सर्वांचे सगळे चाललेले असते.

यानंतर टीसीपी ४४३ वर ती तीन पावले, मग टीएलएस या संभाषण कूटबद्ध करणाऱ्या प्रोटोकॉलची बोलणी आणि कूटबद्ध झालेल्या वाहिनीतून एचटीटीपी या वेबपाने मागण्याच्या भाषेतील मागणी, असा क्रम असतो. एचटीटीपी स्वतः ८० या क्रमांकावर उघडपणे चालतो. तीच भाषा टीएलएसच्या आवरणातून बोलली, की तिला एचटीटीपीएस म्हणतात आणि तिच्यासाठी ४४३ हा क्रमांक ठरलेला आहे. बहुतेक संकेतस्थळांवर ८० हा पोर्ट आता ‘४४३ कडे जा’ एवढेच सांगण्यापुरता उरला आहे.

एक गंमत इथे नोंदवण्यासारखी आहे. पत्त्यात पोर्ट म्हणून २५ लिहिले, तर प्रमुख ब्राउझर संपर्क करण्याचा प्रयत्नही न करता नकार देतात. कारण २५ वर ईमेलचा सर्व्हर असण्याची शक्यता असते, आणि एखादे दुष्ट पान आपल्या ब्राउझरला त्या सर्व्हरकडे एचटीटीपीच्या नावाखाली ईमेलच्या आज्ञा पाठवायला लावू शकते. क्रमांकावरून प्रोटोकॉलची हमी मिळत नाही, हे ब्राउझर बनवणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे.

ईमेलचे क्रमांक इतके का

ईमेलचा प्रोग्राम नव्याने जुळवताना २५, ५८७, ४६५, ११०, १४३, ९९३, ९९५ असे आकडे समोर येतात आणि गोंधळ उडतो. हे आकडे दोन प्रश्नांनी वेगळे करता येतात: पत्र पाठवायचे आहे की वाचायचे आहे, आणि कूटबद्धता पहिल्या बाइटपासून आहे की नंतर मागून घ्यायची आहे.

वाचण्यासाठी पॉप३ किंवा आयमॅप. पॉप३ हे सामान्यतः पत्रे उतरवून घेते, तर आयमॅप पत्रे सर्व्हरवरच ठेवून त्यांचे चित्र सर्व यंत्रांवर सारखे दाखवते. त्यांचे मूळ क्रमांक ११० आणि १४३. सुरुवातीपासून टीएलएस असलेले क्रमांक ९९५ आणि ९९३. फोन आणि संगणक दोन्हींवर ईमेल पाहणाऱ्याने ९९३ निवडावा, हे साधे उत्तर बहुतेकांना पुरते.

पाठवण्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. पत्र पाठवण्याच्या एसएमटीपी या प्रोटोकॉलचा मूळ क्रमांक २५ हा एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला पत्र पोहोचवण्यासाठी होता आणि आजही त्यासाठीच वापरला जातो. आरंभी वापरकर्तेही त्याच क्रमांकावर पत्र सोपवत असत. मग स्पॅम वाढला, विषाणूबाधित घरगुती संगणक थेट जगभरच्या सर्व्हरांना पत्रे पाठवू लागले, आणि अनेक इंटरनेट सेवा पुरवठादारांनी घरगुती जोडण्यांवरून २५ कडे जाणारी वाहतूकच बंद केली. वापरकर्त्याने आपल्या सर्व्हरकडे, नाव आणि पासवर्ड देऊन, पत्र सोपवण्यासाठी ५८७ हा वेगळा क्रमांक १९९८ साली ठरला. या क्रमांकावर संभाषण साध्या रूपात सुरू होते आणि मग ‘स्टार्ट-टीएलएस’ ही आज्ञा देऊन कूटबद्ध केले जाते.

४६५ ची कहाणी आणखी वेगळी आहे. सुरुवातीपासून कूटबद्ध असणाऱ्या एसएमटीपीसाठी तो १९९७ च्या सुमारास नोंदवला गेला, लवकरच ती नोंद रद्द झाली आणि क्रमांक एका भलत्याच कामासाठी दुसऱ्या सेवेला देण्यात आला. परंतु तोपर्यंत अनेक प्रोग्रामांत आणि सर्व्हरांवर ४६५ रुजला होता, आणि नोंदवहीत काहीही लिहिलेले असले तरी लोक तो ईमेलसाठी वापरतच राहिले. अखेर २०१८ मध्ये मानकानेच माघार घेतली आणि ४६५ ला पत्र सोपवण्याचा अधिकृत, आणि ५८७ पेक्षा अधिक पसंतीचा, मार्ग म्हणून मान्यता दिली. नोंदवही आणि वापर यांच्यात तंटा झाला की जिंकतो कोण, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

एफटीपीविषयी थोडक्यात. त्याचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी अभय भूषण यांनी एमआयटीमध्ये असताना लिहिला, म्हणजे तो टीसीपीपेक्षाही जुना आहे. तो आज्ञांसाठी २१ वर एक जोडणी ठेवतो आणि फाइलसाठी दुसरी उघडतो. जुन्या पद्धतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर आपल्या २० क्रमांकावरून ग्राहकाकडे उघडत असे, आणि घरगुती राउटरांच्या काळात हेच त्याच्या अडचणींचे मूळ ठरले. २०२१ मध्ये फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपीचा आधार काढून टाकला.

घरातला राउटर आणि सीसीटीव्ही

घरातील पाच-सहा उपकरणांना मिळून बाहेरच्या जगात साधारणपणे एकच आयपीव्ही४ पत्ता असतो. आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीसाठी राउटर पाठवणाऱ्याचा खाजगी पत्ता पुसून आपला सार्वजनिक पत्ता लिहितो, गरज असेल तर पाठवणाऱ्याचा पोर्टही बदलतो, आणि ही अदलाबदल एका तक्त्यात नोंदवून ठेवतो. उत्तर परत आले, की पोर्टवरून तक्त्यात नोंद शोधून ते योग्य उपकरणाकडे दिले जाते. म्हणजे पत्ते कमी पडल्यावर ती उणीव पोर्टच्या १६ बिटांनी भरून काढली.

बाहेरून आपण होऊन आलेल्या पॅकेटची मात्र तक्त्यात नोंद नसते, म्हणून ते टाकून दिले जाते. दुकानातील सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर घरी बसून पाहायचा असेल, तर बसवणारा तंत्रज्ञ राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून देतो, ते यासाठीच: अमुक पोर्टवर बाहेरून जे येईल ते डीव्हीआरकडे द्यावे, अशी कायमची नोंद. कधी कधी सगळे बिनचूक करूनही बाहेरून काही दिसत नाही. अशा वेळी राउटरच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहावा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असेल, तर सेवा पुरवठादार स्वतःच अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवत आहे, आणि मग आपल्या राउटरमधील नोंदीपर्यंत बाहेरचे पॅकेट पोहोचतच नाही. अशा व्यवस्थेत एकाच क्षणी अनेक घरे एकच पत्ता वापरत असल्याने, गुन्ह्याच्या तपासात केवळ आयपी पत्ता आणि वेळ पुरत नाही, तर पाठवणाऱ्याचा पोर्टही लागतो. म्हणूनच सर्व्हरांनी तो नोंदवून ठेवावा अशी शिफारस २०११ पासून आहे.

फॉरवर्डिंगचा धोकाही समजून घ्यावा. २०१६ मध्ये ‘मिराई’ या बॉटनेटने, म्हणजे ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने, इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधले, त्यांच्या टेलनेटच्या २३ आणि २३२३ या पोर्टांवर कारखान्यातून आलेले साठेक नाव-पासवर्ड चालवून पाहिले, आणि लाखो उपकरणे ताब्यात घेतली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या साहाय्याने डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनाशी झाली. यातला दोष पोर्टचा नव्हता, पासवर्ड न बदलण्याचा होता. त्याच न्यायाने, एसएसएच २२ वरून २२२२ वर हलवल्याने सर्व्हर सुरक्षित होतो हा समजही फारसा टिकणारा नाही. आपोआप चालणाऱ्या घुसखोरीच्या प्रयत्नांचा गोंगाट कमी होतो आणि लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी, वाचणे सुसह्य होते, हे खरे. पण एका यंत्राचे सर्व ६५,५३५ टीसीपी पोर्ट तपासायला आजच्या साधनांना फार वेळ लागत नाही, आणि पोर्ट सापडताच तिथला एसएसएच सर्व्हर पहिल्याच ओळीत स्वतःचे नाव आणि आवृत्ती सांगून मोकळा होतो.

सगळेच ४४३ वर

कार्यालयांतील फायरवॉल अनेक वर्षे पोर्टवरून चालत आल्या आहेत: ८० आणि ४४३ चालू, बाकी बंद. याचा परिणाम असा झाला, की ज्याला वाट हवी होती त्याने ४४३ धरला. व्हीपीएन, गप्पांची ॲप, व्हिडिओ बैठका, सगळे गरजेप्रमाणे ४४३ वरून जाऊ लागले. गूगलमध्ये सुरू झालेला आणि मे २०२१ मध्ये मानक झालेला क्विक हा प्रोटोकॉल यूडीपीवर चालतो, टीसीपीची पोच आणि क्रम ही कामे स्वतःच करतो आणि एचटीटीपीच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी यूडीपीचा ४४३ वापरतो. फक्त टीसीपी ४४३ मोकळा ठेवणाऱ्या नेटवर्कवर ब्राउझर निमूटपणे जुन्या पद्धतीवर परततो, म्हणून वापरकर्त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

कूटबद्ध डीएनएसमध्ये हा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो. त्याच्या दोन पद्धती आहेत. एक डीएनएसचे प्रश्न थेट टीएलएसमधून पाठवते आणि तिला ८५३ हा स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. दुसरी तेच प्रश्न एचटीटीपीएसच्या आत घालून ४४३ वरून पाठवते. नेटवर्क सांभाळणाऱ्याला पहिली सोयीची वाटते, कारण ती ओळखता येते आणि नको असेल तर एका नियमाने बंद करता येते. दुसरी सामान्य वेब वाहतुकीत मिसळून जाते, आणि नेमके त्याच कारणासाठी ती गोपनीयता जपू पाहणाऱ्यांना पसंत पडते. क्रमांकावरून काहीच कळेनासे झाल्यामुळे आजच्या फायरवॉल टीएलएसच्या पहिल्या संदेशात उघड दिसणारे संकेतस्थळाचे नाव वाचून निर्णय घेतात, आणि ते नावही कूटबद्ध करण्याची पद्धत ब्राउझरांत येऊन दाखल झालेली आहे.